पाऱ्याचा घोटा

सर्जेराव घोलप गेल्याची बातमी आली तेव्हा मी सरपंचांच्या डोळ्यांवर गॉगल चढवत होतो. संगणकावर. त्यांचा वाढदिवस चार दिवसांवर आला होता आणि फ्लेक्ससाठी त्यांनी दिलेल्या फोटोत नेमके डोळे मिटलेले होते. तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"हर्षद, थांबव ते. पारा गेला."

मी विचारलं, गॉगल राहू दे की काढू? ते म्हणाले, "काढ. आता डोळं मिटल्यालंच बरं दिसतील."

या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि खेराडीतल्या एकमेव फ्लेक्सच्या दुकानात एकमेव कामगार होतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा केक काढला, तिथे समई ठेवली, 'शुभेच्छुक' खोडून 'शोकाकुल' लिहिलं. रंग तेवढे तेच राहिले.

पारा घोलप हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर तुमचं वय कमी आहे किंवा तुमच्या गावात कबड्डी नव्हती. हा माणूस चढाईला आला की कुणाच्या हाताला लागायचा नाही, म्हणून पारा. चार जिल्ह्यांत त्याच्या नावावर मैदानं भरायची. आणि असा हा पारा एकोणनव्वद साली आमच्या खेराडीच्या मैदानावर, ढालीच्या अंतिम सामन्यात, गुण बरोबरीत असताना, शेवटच्या चढाईत धरला गेला. मध्यरेषेपासून हातभर अंतरावर त्याचा घोटा धरला आणि ढाल आमच्याकडे राहिली. ती ग्रामपंचायतीत काचेच्या कपाटात असते. आमच्या गावाला किल्ला नाही, लेणं नाही, नदीसुद्धा शेजारच्या गावाची आहे. इतिहास म्हणून जे काय आहे ते म्हणजे तो घोटा.

आणि तो घोटा माझ्या वडिलांनी धरला होता. निदान मी जन्मल्यापासून तसं ऐकत आलो होतो.

माझे वडील, आत्माराम शिंगटे, म्हणजे आबा, हायस्कूलमध्ये शिपाई. ती पकड बघून संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना नोकरी दिली आणि तेव्हापासून ते शाळेची घंटा वाजवत होते. मला गावात कुणी हर्षद म्हणायचं नाही, 'घोटेवाल्याचा पोरगा' म्हणायचे. सातवीत मला याच नावावर संघात घेतलं. पहिल्या चढाईला मला सात जणांनी मिळून धरलं, त्यातले तीन आमचेच होते. म्हणजे पुढच्या पिढीचं काही खरं नव्हतं. घराला जे नाव होतं ते तेवढ्या एका पकडीचं.

शोकसभा तेराव्यानंतरच्या रविवारी, हायस्कूलच्या सभागृहात ठरली. सरपंचांनी मला फ्लेक्सचा आराखडा सांगितला. वीस बाय दहा. मधोमध पारा, भोवती त्याला धरणारे सात खेळाडू, प्रत्येकाच्या फोटोखाली दोन ओळींची आठवण. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी निरोप टाकला की त्या पकडीत जे होते त्यांनी फोटो आणि आठवण पाठवावी.

संध्याकाळपर्यंत तेवीस जणांची आठवण आली.

मी तक्ता केला. डावा घोटा धरणारे नऊ. उजवा घोटा धरणारे आठ. कंबर चार. एकाने बनियन धरलं होतं. उरलेले दस्तगीरचाचा मुल्ला, टेलर. त्यांचं म्हणणं, पाऱ्याची चड्डी त्यांनीच शिवली होती आणि गावाच्या प्रेमापोटी मांडीत माप दोन सूत कमी धरलं होतं, म्हणून त्याची उडी कमी पडली. पुराव्याच्या दृष्टीने मला हीच आठवण सगळ्यांत भक्कम वाटली.

डाव्या घोट्याच्या नऊ जणांत सरपंच बजरंग मोहिते होते. एकोणनव्वद साली ते पाचवीत होते. मी ते आदराने त्यांच्या लक्षात आणून दिलं.

"अंगानं थोराड हुतो," ते म्हणाले.

तेवीस जणांत एकच नाव नव्हतं. आबांचं.

घरी गेलो तर ते अंगणात सायकलमध्ये हवा भरत होते. मी म्हटलं, आबा, तुमचा फोटो द्या, तुम्हाला मधे घेतो, पाऱ्याच्या पायापाशी. ते म्हणाले, "माझा नको."

"का?"

"नको म्हंतोय की."

आणि परत पंप मारायला लागले. चाक दगडासारखं टणक झालं होतं. आणखी दोन पंप मारले असते तर सायकल उडाली असती.

तिथे मला पहिल्यांदा संशय आला. आणि संशय आल्यावर मागचं एकेक आठवायला लागलं. ही पकड मी शंभर वेळा ऐकली होती, पण आबांच्या तोंडून एकदाही नाही. सांगायचे ते दुसरेच. सव्वीस जानेवारीला मुख्याध्यापक भाषणात पाऱ्यावर आले की आबा हळूच उठून घंटेकडे जायचे. एकदा तर त्यांनी भर भाषणात शाळा सोडली होती. साडेसातशे पोरं मुख्याध्यापकांना अर्ध्या वाक्यात ठेवून घरी गेली. तेव्हा आम्हाला तो विनय वाटला होता.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, तिचं लग्न नव्वद सालचं, तिने काही बघितलेलं नाही. "मला बघायला आले तवा तुझ्या आजोबांनी एवढंच सांगितलं, पोरगा शिपाई हाय, पण पाऱ्याला धरल्याला हाय. माझ्या वडिलांनी लगेच सुपारी फोडली."

म्हणजे नोकरी त्या घोट्यावर, लग्न त्या घोट्यावर, आणि ओघाने मी. आबा त्या सामन्यात नसलेच तर मी कशावर उभा होतो हे मला नीटसं कळेना.

मी चौकशी लावली. ग्रामपंचायतीत त्या सामन्याचा गुणतक्ता मिळाला. वाळवीने तारीख ठेवली होती, गुण ठेवले होते, पंचांची सही ठेवली होती. खेराडीच्या खेळाडूंची सात नावं तेवढी खाल्ली होती. दस्तगीरचाचांना विचारलं, आबा नक्की होते का? मशीन थांबवून ते विचारात पडले. "हुता की. म्हंजे असणार. न्हाय तर एवढं नाव कसं झालं?" हा पुरावा नव्हता, हा माझाच प्रश्न होता.

शनिवारी सरपंचांना मिरजेहून फोन आला. पाऱ्याच्या पत्नी, इंदुमती घोलप, सभेला येणार होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. स्वतःहून.

गावाला याचा अर्थ लावायला पंधरा मिनिटं लागली. काल तेरावा झाला, आज बाई एसटीचं वेळापत्रक विचारते, ते काय भाषणं ऐकायला? ती ढाल मागायला येतेय. नवऱ्याची शेवटची इच्छा म्हणेल, डोळ्यांना पदर लावेल, आणि चार लोकांसमोर नाही म्हणता येणार नाही. सरपंचांनी त्याच दुपारी ढाल पोत्यात घालून दूध संस्थेच्या गोदामात कॅनच्या मागे ठेवली. रिकाम्या कपाटाचा संशय येऊ नये म्हणून तिथे ग्रामस्वच्छतेची ढाल मांडली. त्या ढालीवर झाडूचं चित्र होतं. ते भिंतीकडे केलं.

"तू बाईंच्या संगं ऱ्हा," सरपंच मला म्हणाले. "पिशवीवर लक्ष ठेव. कागद आणला आसंल कायतरी."

पिशवी खरोखरच होती. इंदुमतीकाकू रविवारी दोनच्या एसटीने उतरल्या. साठीच्या, काटक, साधं सुती पातळ, आणि काखेत कापडी पिशवी, अशी घट्ट की जणू तीही कुणीतरी धरायला टपलेलं आहे. मी पिशवी घेऊ का विचारलं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ सभागृहात जाऊन फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बोटाने एकेक करत तेवीस फोटो मोजले.

"कबड्डीला किती जण असतात रे?"

"सात."

"बरं," त्या म्हणाल्या.

मग जो जो भेटायला आला त्याला त्यांनी दोनच प्रश्न विचारले. कोणता पाय? आणि मग काय झालं? लोक खुशीत सांगायचे. डावा. उजवा. मग काय, शिट्टी, गुलाल. काकू मान हलवायच्या आणि पिशवी आणखी काखेत दाबायच्या. किराणावाले दिनकर माळी तर त्यांच्यासमोर जमिनीवर पालथे पडून दाखवायला लागले, त्यांना उठवायला दोघं लागले. काकूंनी त्यांनाही तेच विचारलं. मग काय झालं? धापा टाकत दिनकरदादा म्हणाले, जिंकलो की वहिनी.

मला ही उलटतपासणी वाटायला लागली. जबाब गोळा करतायत, आणि शेवटी ढालीवर दावा ठोकणार. सरपंच दारातून मला भुवयांनी विचारत होते. मी भुवयांनीच सांगितलं, अजून काही बाहेर काढलेलं नाही.

"तुझा फोटो न्हाई वर?" काकूंनी मला विचारलं.

"माझा जन्म त्र्याण्णवचा."

"त्यानं काय हुतंय," त्या म्हणाल्या. त्यांची नजर सरपंचांच्या फोटोवर होती.

आबा तिथेच होते. यायचं नव्हतं, पण रविवार असला तरी शाळेचं सभागृह उघडणार कोण, खुर्च्या मांडणार कोण? त्यांनी काकूंना पाण्याचा तांब्या दिला. देताना पाणी त्यांच्या हातावर सांडलं. काकूंनी शिपायाला काही विचारलं नाही. आबा दाराशी जाऊन उभे राहिले. तिथून व्हरांड्यातली घंटा चार पावलांवर होती.

आता मी काय केलं ते सांगतो. सकाळीच मी घंटा वाजवायचा लाकडी टोला खुंटीवरून काढून माझ्या सॅकमध्ये ठेवला होता. मला एकदाच त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, होतो की नव्हतो. काहीही असलं तरी चाललं असतं. म्हणजे चाललं नसतं, पण ऐकायचं होतं.

सभा सुरू झाली. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, कारण माइक आमच्या दुकानाचा होता. सरपंच बोलले आणि रडले. त्यांच्या सांगण्यानुसार पाऱ्याने मरताना खेराडीचं नाव घेतलं होतं. काकू पहिल्या रांगेत होत्या, त्यांना ही माहिती नवीन असावी. मग डाव्या घोट्याचे दोघं एकदमच उठले आणि आधी कुणी धरला यावरून त्यांचं व्यासपीठावर जुंपलं. कंबरेवाले त्यांना सोडवायला गेले. दस्तगीरचाचांनी खालूनच चड्डीचा मुद्दा मांडला.

या सगळ्यात मी माइकवर म्हणालो, "आता आत्माराम शिंगटे यांना विनंती करतो."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे वळून व्हरांड्यात गेले. घंटेपाशी त्यांचा हात खुंटीकडे गेला, तिथेच थांबला. त्यांनी खाली वाकून बघितलं, खिडकीच्या कट्ट्यावर बघितलं. मग परत माझ्याकडे बघितलं, या वेळी जरा जास्त वेळ. मी सॅक पायाने खुर्चीखाली सरकवली. साठ-सत्तर माना त्यांच्याकडे वळल्या होत्या.

ते आत आले, माइकपासून दोन हात लांब उभे राहिले आणि बोलले. आवाज न वाढवता. पण सभागृह इतकं गप्प होतं की माइकची गरज नव्हती.

"उजवा पाय हुता. मीच धरला हुता."

होते, म्हणजे होते. मी टाळ्यांसाठी हात वर केले.

"पण त्याचं बोट पलीकडं टेकलं हुतं," आबा म्हणाले. "रेषेच्या पलीकडं. त्याचा दम पण तुटला नव्हता, तोंडात आवाज हुता. मी बघितलं. पंचांनी न्हाई बघितलं. शिट्टी झाली आणि ह्यांनी मला खांद्यावर घेतलं. खांद्यावरनं काय सांगणार? म्हटलं, उद्या सांगू. तर उद्या नोकरी लागली. मग घंटा वाजवत ऱ्हायलो. तो गुण त्यांचा हुता. ढाल पण त्यांचीच."

आता खुर्च्या उडतील असं मला वाटलं. गावाचा सगळा इतिहास या माणसाने चार वाक्यांत मोडून ठेवला होता, आणि वर ढाल चोरीची ठरवली होती.

पहिले दिनकरदादा माळी उठले.

"आत्माराम, उजवा तुझ्याकडं कसा आसंल?" ते म्हणाले. "उजवा माझ्याकडं हुता."

"तुझ्याकडं डावा," मागून कुणीतरी म्हणालं.

"डावा माझ्याकडं," आणखी कुणी म्हणालं. सरपंचांनी माइक ओढून घेतला आणि जाहीर केलं की आत्मारामआबांना भावना अनावर झाल्यामुळे ते काहीबाही बोलून गेले, पाऱ्यावर त्यांचं प्रेमच तेवढं होतं. टाळ्या पडल्या. सत्तर माणसांत एकाचाही त्यांच्यावर विश्वास बसला नाही. पंचवीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट माणूस बाहेर काढतो, आणि लोक त्याला पाणी देतात. आबा तांब्या हातात घेऊन नुसते उभे होते.

तेवढ्यात काकू उठल्या. सरळ आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कोणतं बोट?"

"डाव्या हाताचं. मधलं," आबा म्हणाले.

काकूंनी पिशवीत हात घातला. सरपंच एवढ्या घाईने पुढे आले की माइकच्या वायरीत अडकले. पिशवीतून खाकी पाकीट निघालं आणि पाकिटातून एक फोटो, काळा-पांढरा, कडा वळलेला. त्यांनी तो आबांपुढे धरला.

"तुमीच व्हय," त्या म्हणाल्या. "फोटोत तोंडावर माती हाय, वळखू येत न्हाई. आल्याधरनं विचारतीय सगळ्यास्नी, मग काय झालं, मग काय झालं. कुणी सांगंना."

मग त्यांनी जे सांगितलं ते हळू आवाजात, आबांनाच. मी शेजारी होतो म्हणून ऐकलं. फोटो एका वर्तमानपत्राच्या माणसाने काढलेला. छापला नाही, पण दोन वर्षांनी घोलपांना आणून दिला. काकू म्हणाल्या होत्या, दाखवा की कुणाला तरी. घोलप म्हणाले, शिट्टी झाल्यावर काय दाखवायचं. पण वर्षातून एकदा ते फोटो काढून बसायचे.

"म्हणायचे, हे बघ, ह्या गड्यानं पण बघितलंय. हा काय सांगत आसंल लोकास्नी? दवाखान्यात शेवटी म्हणाले, एकदा जाऊन ऐकून ये. खरं बोलला तर फोटो त्याला दे. न्हाई बोलला तर परत आण, पण त्याला कायबी म्हणू नको."

आबांनी हात पँटला दोन्हीकडून पुसले आणि मग फोटो घेतला. बराच वेळ बघत राहिले.

"चिडलं हुतं का?" त्यांनी विचारलं.

"बोटावरनं न्हाई. घोटा महिनाभर सुजला हुता, त्याच्यावरनं लई शिव्या दिल्या."

आबा हसले. नुसते ओठांनी नाही, खांदे हलवून. मी त्यांना तसं हसताना आधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी सॅकमधून टोला काढून दिला. ते व्हरांड्यात गेले आणि शाळा सुटल्याची घंटा दिली, पूर्ण, शेवटच्या ठोक्यापर्यंत. सवयीने सगळे उठले आणि घरी गेले.

काकू साडेपाचच्या एसटीने परत गेल्या. ढालीचा विषय त्यांनी काढलाच नाही, आणि नेमक्या याच गोष्टीमुळे सरपंचांचा त्यांच्यावरचा संशय अजून गेलेला नाही. ढाल दुसऱ्या दिवशी कपाटात आली. जवळ गेलं की अजून दुधाचा वास येतो.

फोटो मी मोठा करून आमच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, भिंतीवर लावलाय. पारा पालथा, लांबलचक ताणलेला. त्याच्या उजव्या पायाला आबा चिकटलेत, पंचविशीतले, तोंड मातीने भरलेलं. पंच घड्याळात बघतायत. आबा मात्र पायाकडे बघतच नाहीत. त्यांचे डोळे विस्फारून पुढे, चुन्याच्या रेषेकडे लागलेत. बाकी संघ फोटोत नाही. फक्त डाव्या कडेला कुणाचं तरी एक कोपर आलंय.

फोटो लागल्यापासून लोक यायला लागले. अजूनही येतात. फोटोसमोर उभे राहतात, चष्मा वर करतात आणि कोपरावर बोट ठेवून म्हणतात, आत्माराम, हे माझं. सरपंच दोनदा येऊन गेले. दस्तगीरचाचा म्हणाले, कोपर आपलं नाही पण बाही आपण शिवलेली आहे. आबा आता निवृत्त आहेत, घरीच असतात. ते प्रत्येकाला चहा देतात आणि म्हणतात, व्हय, तुझंच दिसतंय.

आतापर्यंत त्या कोपराचे एकोणीस मालक झालेत. मी तक्ता ठेवलाय. बोट मात्र तिथेच आहे, रेषेच्या पलीकडे, नखभर. ते अजून एकालाही दिसलेलं नाही.